काचघरातली पऱ्हाटी

विलायतेहून आणलेले फोटो इतक्या हातांतून फिरले, की त्यांचे कोपरे आता मऊ पडले आहेत. वऱ्हाडातल्या नेरच्या कापूस बाजारात, आमच्या सहकारी सोसायटीच्या ओट्यावर, एस. टी. थांबते तिथल्या चहाच्या हॉटेलात, सगळीकडं मी ते दाखवले. प्रत्येक जण आधी एकच विचारतो, "राणी पाह्यली का?"

राणी मी पाहिली नाही. लंडनही धड पाहिलं नाही. पण जे पाहिलं ते राणी पाहून आलेल्यांनी पाहिलेलं नाही, एवढं खात्रीनं सांगतो.

आमच्या घरात अंगठा उठवायची रीत माझ्या वडिलांपर्यंत होती. मी नागपूरला शेतकी कॉलेजात शिकलो, पदवीधर झालो आणि कापसाची प्रत पारखण्याचं शिक्षण घ्यायला मला सोसायटीनं विलायतेला पाठवलं. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. चार माणसांत दोनदा सांगतो. शिक्षण संपल्यावर बोट सुटायला थोडे दिवस होते. ते मी माझा मित्र शब्बीर याच्याकडं काढले. शब्बीर नेरचा. त्याचे वडील जिनिंग फॅक्टरीत फिटर होते आणि गावाबाहेर त्यांचं थोडं वावर होतं. आम्ही दोघं एका बाकावर बसून मॅट्रिक झालो. मी कॉलेजात गेलो, तो वडिलांच्या हाताखाली यंत्रं शिकला आणि ओळखीनं लँकेशायर परगण्यातल्या एका गिरणीगावात जाऊन पोचला.

फोटो काळेपांढरे आहेत. रंग तुम्हाला माझ्या शब्दावरच घ्यावे लागतील.

स्टेशनवरचा फोटो

या फोटोत दोन माणसं आहेत, दोघांनाही डोकी नाहीत. खांद्यापासून बुटांपर्यंत मात्र सगळं स्वच्छ आलं आहे. स्टेशनवरच्या हमालाच्या हाती शब्बीरनं आपला डबा कॅमेरा दिला होता. माझी आई हा फोटो घरात ठेवू देत नाही, अपशकुन म्हणते.

गाडीतून उतरलो तर तो लांबून ओरडतच आला, "काय बे नाम्या! साहेब झाला म्हने तू!"

"साहेब राहू दे तिकडं. थंडीनं दात वाजून राह्यले माहे."

"ही थंडी नोहे लेका. ही तं सुरुवात आहे."

कोणाच्या तोंडून वऱ्हाडी ऐकून मला सहाच महिने झाले होते. पण तेवढ्यातही कान उपाशी राहतात. त्याला मात्र तीन वर्षं झाली होती. तो सारखा बोलत होता. ट्रंक उचलली तरी बोलत होता, बसमध्ये चढलो तरी बोलत होता. बसमधली माणसं मागं वळून पाहत होती आणि मला वाटत होतं, पाहा, नीट पाहा, ही वऱ्हाडची बोली आहे.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो. कॉलेजात शिकलेली इंग्रजी त्या गावात मला पहिले दोन दिवस काहीच उपयोगी पडली नाही. तिथले लोक निम्मा शब्द गिळतात आणि उरलेला लांबवतात. पुण्याच्या माणसाला आमचं 'करून राह्यलो' ऐकून जसं होतं, तसं लंडनच्या माणसाला यांचं ऐकून होतं म्हणे. म्हणजे ती इंग्रजांची वऱ्हाडीच. म्हणून पुढं त्या लोकांचं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहिणार आहे. त्यांना तेच शोभतं.

टेकडीवरून गाव

मधे उभ्या आहेत त्या गिरण्यांच्या चिमण्या. मोजायचा नाद करू नका, मी केला होता. खाली एकसारख्या विटांच्या घरांच्या ओळी. डावीकडं जी झाडं काळी दिसतात ती खरी तांबडी, पिवळी, विस्तवासारखी होती. आपल्याकडं साग माघ-फाल्गुनात उघडा होतो आणि मागून ऊन येतं. तिथं ऑक्टोबरात सगळी झाडं एकदम उघडी होतात आणि मागून अंधार येतो. पाच वाजले की दिवे. शब्बीर म्हणाला, पहिल्या वर्षी पानं गळताना पाहून त्याला वाटलं झाडांवर रोग पडला. त्यानं घरमालकिणीला तसं सांगितलंही. ती बाई अजून हसते.

टेकडीच्या उतारावर छोटे छोटे चौकोन दिसतात, ते नगरपालिकेनं कामगारांना भाड्यानं दिलेले बागेचे तुकडे. सुटीच्या दिवशी माणसं तिथं कोबी, बटाटे, गाजरं लावतात. प्रत्येकाची एक लाकडी खोपी. शरद ऋतूत त्यांचं प्रदर्शन भरतं. कोणाचा भोपळा मोठा यावरून दोन शेजारी वर्षभर बोलत नाहीत. एवढं ऐकलं आणि मला गाव आपलं वाटलं.

काचघर

या फोटोत टोपी घातलेला म्हातारा आहे तो मिस्टर टॉमलिन. जन्मभर गिरणीत सूत काढलं, आता टमाटे लावतो. त्याच्या मागं काचेची खोली दिसते. आत कोळशाची छोटी शेगडी असते, म्हणजे थंडीतही झाडं जगतात. आणि कोपऱ्यात कुंडीत जे झाड आहे, ते नीट पाहा.

मी वाकून पाहिलं. पऱ्हाटी, आपलं कपाशीचं झाड! गुडघ्याच्या वर आलेली, देशी, लहान पानांची, आणि तिला चार बोंडं. हिरवी, सुपारीपेक्षा थोडी मोठी.

"शब्बीर, हे कुठून आणलं बे?"

"अम्माच्या रजईतून."

निघताना आईनं त्याला घरच्या कापसाची रजई भरून दिली होती. तिसऱ्या हिवाळ्यात ती शिवणीवर उसवली. सांधायला बसला तर रुईत दोन-तीन सरक्या सापडल्या. पिंजाऱ्याच्या धनुकलीतून सुटलेल्या. त्यानं त्या ओल्या फडक्यात गुंडाळून घरमालकिणीच्या पाण्याच्या टाकीशेजारी ठेवल्या. एक उगवली.

पण झाड लावण्यामागं हौसेपेक्षा मोठं कारण होतं. गिरणीच्या कँटीनमध्ये त्याच्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, एकदा सगळ्यांसमोर म्हटलं होतं, की हिंदुस्थानातला कापूस म्हणजे झाडूनं गोळा केलेला केरच. शब्बीर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या झाडावरचं बोंड तुमच्यापैकी कोनं पाह्यलं काय? नाही ना? मंग शरदातल्या प्रदर्शनात आनून दाखवतो." पूर्ण गिरणीनं ते ऐकलं. आता प्रदर्शन शनिवारवर आलं होतं, झाडाला चार हिरवी बोंडं होती आणि एकही फुटायचं नाव घेत नव्हतं.

"हिरवं बोंड नेलं तं म्हन्तीन, हे कोनतं वांगं आनलं," तो म्हणाला. "मी जबान देली नाम्या. वऱ्हाडाच्या नावानं देली."

टॉमलिन पाईप ओढत ऐकत होता. त्याला भाषा कळत नव्हती, पण विषय कळत होता. तो म्हणाला, "माह्या आज्याच्या वक्ती अमेरिकेत लढाई झाली. तिकडचा कापूस बंद. तवा तुमच्या देशातला आला. आजा सांगे, हात लावला की सूत तुटे. अर्धा कापूस, अर्धी माती. लोकं उपाशी होते तरी त्या गाठीकडं तोंड वाकडं करत. मी तुह्या मित्राले काचघराचा कोपरा देला, पन आज्याचं बोलनं मी इसरलो नाही हं."

मी कापूस पारखणारा माणूस. मला राग यायला हवा होता. पण तो खरं बोलत होता, आणि ज्यानं काचघराचा कोपरा दिला त्याच्यावर रागवायचं कसं?

टॉमलिनबाईंच्या स्वयंपाकघरात

इथं मी काटा-चमचा धरून बसलो आहे. माझ्या चेहऱ्यावरून समजा काय चाललं होतं. त्यांच्याकडं बटाट्यावर कणकेचं झाकण घालून भट्टीत भाजतात. मीठ आहे, मिरी आहे, तिखटाचा पत्ता नाही. शब्बीरनं खिशातून पुडी काढली. वाळलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ, कुटलेलं. "आपला ठेचा म्हनून समज." टॉमलिनबाईंनी बोटाच्या टोकावर घेऊन चाखला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग त्यांनी आणखी घेतला. ती बाई मला तेव्हाच आवडली.

चौदाव्या वर्षापासून त्या गिरणीत होत्या. कापसाची धूळ केसांत, नाकात, भाकरीच्या डब्यात. "पन झाडावर कसा दिसते, कधी पाह्यला नाही," त्या म्हणाल्या. "आम्हाले वाटे गाठीतच उगवते." आणि स्वतःच खदखदून हसल्या.

या दिवसाचा फोटो नाही

बुधवारी ऊन पडलं. मी आल्यापासून पहिल्यांदा. निळं आभाळ, आणि सगळं गाव कोट उघडून चालत होतं. शब्बीरची रात्रपाळी संपली होती. आम्ही दोघं काचघरात गेलो, बोंडं पाहिली. तशीच, घट्ट.

"ऊन दाखवू न्," मी म्हणालो.

"हाव, उनाबिगर बोंड कसं फुटन?"

यात विचार करण्यासारखं काही होतं असं आम्हाला दोघांनाही वाटलं नाही. ऊन दिसलं म्हणजे ऊन लागतं, हे आपल्याकडं तान्ह्या पोरालाही माहीत. आम्ही कुंडी उचलून बाहेर, भर उन्हात ठेवली आणि गावात गेलो. तिथं बटाट्याचे तळलेले तुकडे आणि मासळी वर्तमानपत्राच्या कागदात देतात. वर व्हिनेगर शिंपडतात. उभ्यानं खायचं. मला ते फार आवडलं. आम्ही दोनदा घेतलं. मग शाळेच्या गोष्टी निघाल्या. कोणत्या मास्तरांनी कोणाला कशानं मारलं, हा विषय लवकर संपत नाही.

परत आलो तर टॉमलिन कुंडीजवळ उभा. ऊन अजून होतं. पण टेकडीवरून वारा सुटला होता, आणि तो वारा उन्हाचं काही ऐकत नव्हता. पऱ्हाटीची पानं उकडलेल्या भाजीसारखी काळी पडून लोंबत होती.

"ऊन होतं," शब्बीर म्हणाला.

"ऊन पाहाले असते इथं," टॉमलिन म्हणाला. "अंगाले लावाले नसते. बह्याड आहात काय दोघंही?"

त्यानं शब्द दुसरा वापरला होता. अर्थ हाच.

शब्बीर कुंडीशेजारी उकिडवा बसला आणि एक एक पान चिमटीत धरून पाहत राहिला. मी त्याला शाळेत नापास होताना पाहिलं आहे, मास्तरांचा मार खातानाही पाहिलं आहे. असा कधी पाहिला नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, "जॉबरले सांगून टाकतो सोमवारी. नाही जमलं म्हनून."

टॉमलिननं पाईप खिशात टाकला, कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि चालायला लागला. "आज्याले दिसलं असतं तं हासला असता मले," तो पुटपुटला. "त्याच कापसाची कुंडी घेऊन चाललो." कुंडी त्यानं घरी नेली आणि स्वयंपाकघरातल्या भट्टीशेजारी, जिथं त्यांचं मांजर झोपतं, तिथं ठेवली. मांजराला उठवलं.

पानं गुरुवारी गळायला लागली. शुक्रवारी झाडाला नुसत्या काड्या आणि चार बोंडं उरली. तेव्हा माझ्यातला पदवीधर जागा झाला. पानं गेली की झाडाचा ओलावा तुटतो, बोंडाची साल वाळते, आणि पक्व बोंड असेल तर ते फुटतं, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. शब्बीरला सांगितलं. तो म्हणाला, "परीक्षेतलं राहू दे. पक्व आहे काय ते सांग." ते मला सांगता येत नव्हतं.

भट्टीशेजारी, शनिवार सकाळ

टॉमलिनबाई पाठमोऱ्या आहेत. त्यांच्या पलीकडं शब्बीरचा हात आणि वाटी दिसते.

त्यांनीच आम्हाला बोलावलं. सगळ्यांत खालच्या बोंडावर शिवणीच्या जागी एक पांढरी रेघ उमटली होती. बाई तिच्याकडं बोट दाखवत होत्या, पण बोट लावत नव्हत्या.

मी हात पुढं केला तर शब्बीरनं माझं मनगट धरलं. "थांब बे. शीतादही नाही केली अजून."

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. कापूस फुटला की आम्ही सरळ हात घालत नाही. वेचणीच्या पहिल्या दिवशी वावराच्या कोपऱ्यातल्या झाडाला हळदकुंकू लावतात, दहीभात ठेवतात, थोडा चारी दिशांना फेकतात, आणि मग एखाद्या लेकुरवाळीच्या हातानं पहिला वेचा.

"शब्बीर, तू करनार?"

"काहून? आमच्या वावरात होत नव्हतं काय? दही टाकल्याबिगर बाया पऱ्हाटीले हात लावत नव्हत्या. अम्मा घरून दही देत होती. दरसाली."

भात शिजला. दह्याचा प्रश्न होता, त्या गावात दही कोणाला माहीत नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडं पाकिस्तानातले काही गिरणीकामगार राहत होते, शब्बीर तिकडं धावत गेला आणि वाटीभर दही व चिमूटभर हळद घेऊन आला. दही देणारे चाचाही मागोमाग आले. कपाशी पाहून म्हणाले, "हमारे यहाँ भी होती है." आणि टोपी सावरून उभे राहिले.

झाडाला हळद लावली. भात ठेवला. आता चारी दिशांना फेकायचा. शब्बीर मुठीत भात घेऊन थांबला. टॉमलिनबाईंची फरशी इतकी लख्ख होती की तीत भट्टीचा उजेड दिसत होता.

बाईंनी विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं.

"मंग फेका न," त्या म्हणाल्या. "झाडू आहे माह्या घरी."

हॉल

कुंडी आम्ही रजईत गुंडाळून नेली. त्याच रजईत. हॉलमध्ये भोपळे, कांदे, गुलछडीसारखी उंच फुलं, सगळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या. आमची कुंडी एका कोपऱ्यात, पानं नसलेली, काड्यांची. जॉबर आला, पाहिलं, म्हणाला, "हे काय, खराट्याचं बी लावलं काय?" शेजारचे हसले.

शब्बीर ताठ उभा होता. मी त्याच्या शेजारी ताठ उभा राहिलो. दुसरं काय करणार?

हॉलमध्ये शेगड्या होत्या, माणसांची गर्दी होती. दुपारपर्यंत ती रेघ रुंद झाली. मग साल मागं वळली. आणि बोंड उघडलं, जसं आपल्या वावरात हजार वेळा उघडतं आणि आपण पाहतही नाही. पांढरंशुभ्र. टॉमलिनबाईंनी "अगं बाई" असंच काहीतरी म्हटलं. त्यांच्या आवाजानं माणसं वळली. मग रांग लागली. गिरणीत जन्म घालवलेली माणसं, सूत काढणाऱ्या, विणणाऱ्या, गाठी फोडणारे. कापूस त्यांच्या पोटात आणि फुप्फुसात होता, झाडावर त्यांनी आजच पाहिला. बाप पोरांना उचलून दाखवत होते. या फोटोत ती रांग दरवाज्याबाहेर गेलेली दिसते. हा फोटो मी सगळ्यांना शेवटी दाखवतो आणि हळूहळू दाखवतो.

पहिला वेचा टॉमलिनबाईंनी काढला, शब्बीरच्या सांगण्यावरून. एकच पाकळी. ती त्यांनी नवऱ्याच्या हातावर ठेवली.

जॉबर पुढं सरकला. सगळेच सरकले. त्या हॉलमध्ये टॉमलिनच्या बोटांवर कोणी शंका घेत नसे. त्यानं सरकीपासून तंतू सोडवले, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढले, जुळवले, पुन्हा ओढले, आणि आपल्या काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवले. मी हेच काम शिकायला सातासमुद्रापार आलो होतो आणि त्याच्या बोटांकडं पाहत उभा होतो.

"तोकडा आहे," तो म्हणाला.

शब्बीरनं मान हलवली. तोकडा आहेच. देशी आहे.

टॉमलिननं बाही उजेडाकडं नेली. "पन साफ आहे. काडी नाही. मातीचा कन नाही." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "मंग आज्याच्या गाठीत माती कुठून आली?"

"वाटेत," मी म्हणालो. "वजन वाढवाले व्यापाऱ्यानं मिसळली. झाडानं नाही, अन् वेचनाऱ्या बाईनंही नाही."

टॉमलिननं बाहीवरचे तंतू बोटानं पुन्हा सारखे केले. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली. कोणाला उद्देशून काढली ते मी सांगू शकत नाही. झाडासमोर उभा होता, एवढं खरं. जॉबरही टोपी काढून बगलेत धरून उभा राहिला. शब्बीरकडं न पाहता म्हणाला, "सोमवारी हे कँटीनमध्ये आन. ज्याईनं पाह्यलं नाही त्याईले दाखवू."

बक्षीस भोपळ्याला मिळालं. मिळू दे.

नेर

परत आल्यावर आधी मी शब्बीरच्या घरी गेलो. त्याची आई अंगणात तूर पाखडत होती. मी तिला चाची म्हणतो. शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, फोटो एक एक हातात देत. सरक्या रजईतून निघाल्या हे ऐकून ती लाजेनं लालच झाली.

"पिंजाऱ्यानं सरकी ठेवली रुईत? अन् गोऱ्याईच्या घरात निंगाली? या अल्ला! पैसे पुरे देले होते मी त्याले."

मग काचघरातला फोटो घेतला आणि उन्हाकडं तिरपा धरून पाहत राहिली.

"हासले तं नाही न् रे लोक माह्या पोराले?"

"एकदा हासले चाची. मंग टोप्या काढल्या."

तिनं ओढणीच्या टोकानं फोटो पुसला. तो कधी येणार, हे ती विचारेल म्हणून मी वाटभर उत्तर जुळवत आलो होतो. तिनं ते विचारलं नाही.

"एकच झाड लावलं त्यानं?"

"एकच उगवलं चाची."

"एकल्या पऱ्हाटीले वारा झोंबते बाबू. शेजारी झाड पाह्यजे." ती उठून आत गेली आणि बियाण्याची थैली घेऊन आली. सुपातली तूर एका बाजूला सारली, मूठभर सरकी ओतली आणि निवडायला बसली. पोचट इकडं, भरीव तिकडं. "लिह्य त्याले, पुढच्या साली चार लाव म्हना."

आणि भरीव तेवढ्या वेचून तिनं माझ्यापुढं सरकवल्या.